भात सोडून बाकी सगळं

आमच्या भागात पोटात भात गेला तरच माणूस जेवला असं धरतात. बाकी जे पोटात जातं ते नुसतं खाणं, आणि खाण्याची दखल कोणी घेत नाही. माझे एक मामा लग्नात पाच-सहा पुऱ्या, वाटीभर शिरा आणि मूठभर भजी उडवून घरी यायचे आणि मामीला विचारायचे, भात टाकला का, सकाळपासून उपाशी आहे. मामा खोटं बोलत नव्हते. धानाच्या मुलखात पोट भरलं की नाही हे भातच ठरवतो. मी त्याच मामांचा भाचा. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे मी जे केलं तो शुद्ध मूर्खपणा वाटेल. तो होताच, पण त्याला घरची परंपरा होती.

अडीच वर्षांपूर्वी भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि सांगितलं, शुगर आहे, भात बंद करा. ते आणखीही पुष्कळ बोलले असावेत. तळलेलं, मैदा, सकाळचं चालणं, असं काहीतरी. पण 'भात बंद' ऐकल्यावर माझ्या कानात दुसरं काही शिरलं नाही. शेजारी बसलेल्या बायकोनंही तेवढंच ऐकलं. पवनीला परतताना बसमध्ये आम्ही दोघं मयतीहून आल्यासारखे गप्प होतो.

बायकोचं काम पक्कं असतं. दुसऱ्याच दिवशी तिनं घरातली तांदळाची कोठी उपसली, पुसून उन्हात पालथी घातली आणि सगळा तांदूळ आसगावला माझ्या धाकट्या भावाकडे पाठवून दिला. तो आला होता तिथूनच. पवनीत तांदळाचा दाणा नसलेलं घर आमचं एकट्याचंच असेल. पाहुणा आला की मी मनातल्या मनात घाबरायचो, याला जेवायला बसवायचं तरी कसं. ती पोळ्या करायची, ज्वारीची भाकरी करायची, समोर बसून वाढायची, आणि स्वतःही भात खायची नाही. ते सहा आठवडे मी खरोखर बरा होतो.

मग पुण्याला मुलीचं बाळंतपण आलं. बायको तीन महिन्यांसाठी गेली. मुलीची रजा संपली, बाळाला सांभाळायला मनासारखी बाई मिळेना, जावयाच्या आईचे गुडघे धरलेले. तिनाचे सहा झाले, सहाचे बारा. मी तालुक्याच्या कचेरीत, निवृत्तीला अजून अवकाश, त्यामुळे मला जाता येत नव्हतं. फोनवर मी रोज सांगत होतो की माझं मजेत चाललंय. लोक म्हणायचे, साहेब, तुम्ही मोठे समजूतदार. मला त्या समजूतदारपणाचा एवढा राग यायचा की काय सांगू, पण तोंडावर हसू ठेवून मी मान डोलवायचो.

सुरुवातीला मी पोळ्या लाटून पाहिल्या. त्या कशा व्हायच्या ते जाऊ द्या. खरा त्रास पोळीचा नव्हता, पोळी झाल्यावरचा होता. एक ताट घ्यायचं, त्यात आपणच वाढायचं आणि भिंतीकडे तोंड करून खायचं. फ्रिजचा आवाज बंद झाला की आपलंच चावणं ऐकू यायचं. आठ-दहा दिवसांत मी लाटणं खुंटीला टांगलं.

बसस्टॉपच्या पुढे एक चायनीजचा ठेला आहे. नवराबायको मिळून चालवतात. तो कढईवर, ती पैसे आणि प्लेटा सांभाळते. पहिल्या दिवशी मी तिथं गेलो तेव्हा त्यानं फ्राईड राईस करू का विचारलं. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, माझा भात बंद आहे. मग त्यानं नूडल्स केले, वर मंचुरियन दिलं. शेजारच्या स्टुलावर एक ओळखीचे गुरुजी बसले होते. त्यांना माझं कौतुक वाटलं. पुढे पुढे ठेलेवालाच लोकांना सांगायला लागला, साहेबांचा निश्चय पाहा, समोर एवढा फ्राईड राईस परततो, पण यांनी कधी घासभर मागितला नाही. मी तोंड पुसत नम्रपणे मान खाली घालायचो. आज ते आठवलं की कानशिलं तापतात.

सकाळी कचेरीच्या वाटेवर तर्री-पोहे. आता, मी शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या लहानपणी आई धान भिजवून, भाजून, उखळात कांडून घरीच पोहे करायची. पोहा कशाचा होतो हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पण पोहे म्हणजे भात नव्हे. अकरा वाजता समोसा, तोही भात नव्हे. चारला आलुबोंडा, तोही नव्हे. संध्याकाळी नूडल्स. रात्री झोपताना मी खऱ्या अर्थानं उपाशी असायचो, म्हणजे मला तसं वाटायचं. दिवसभर न जेवता राहिल्याचा एक अभिमान पोटावर हात ठेवून मी कुरवाळत पडायचो. आगीतून फुफाट्यात पडलो होतो आणि फुफाटा अंगाला उबदार वाटत होता.

पण नुसत्या जिभेवर ढकललं तर तेही खोटं होईल. मी त्या ठेल्यावर नूडल्ससाठी जात नव्हतो. एकदा कचेरीत मीटिंग लांबली आणि मी तासभर उशिरा पोचलो, तर ठेलेवाली म्हणाली, "आज उशीर केला, साहेब?" बस, एवढंच. दिवसभरात मला कोणी विचारलेला तो एकच प्रश्न, ज्यात माझ्या येण्या-न येण्यानं कोणाला काही फरक पडत होता. त्या एका प्रश्नासाठी मी पुढचं वर्षभर तिथलं तेल खाल्लं. लाल स्टूल, त्याचा एक पाय आखूड. मी बसलो की ती त्याच्याखाली खडा सरकवायची.

घरी येऊन कपडे बदलेपर्यंत आठ वाजायचे आणि पुण्याहून फोन यायचा. तिचा पहिला प्रश्न ठरलेला. भात नाही ना खाल्ला? मी म्हणायचो, नाही. शपथ? शपथ. एकाही दिवशी मी खोटं बोललो नाही. व्हिडिओवर ती माझा चेहरा पाहायची आणि म्हणायची, गालावर जरा भरलेले दिसता. मी म्हणायचो, मोबाईलमध्ये सगळेच तसे दिसतात. मग नातू फोनवर झडप घालायचा आणि आमचं बोलणं संपायचं.

सहा महिन्यांनी पुन्हा भंडारा. शुगर चांगलीच चढली होती. डॉक्टरांनी विचारलं, जेवता काय? मी म्हणालो, जेमतेम एखादी पोळी, भात तर दोनशे दिवसांत शिवलेला नाही. त्यांनी गोळी वाढवली. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा वाढवली. मला वाटायचं, डॉक्टरलाच काही कळत नाही.

आणि आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण त्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. शुगर चढलेली पाहून मला बरं वाटलं. बसच्या खिडकीशी बसून मी मनात म्हटलं, आता हिला सांगितलं की ही येईल. मुलगी असो, नातू असो, नवऱ्याची तब्येत बिघडली म्हटल्यावर येणारच. मग वाटलं, एवढ्यात नको. एवढ्याशा कारणावर ती आठ दिवस येईल, डबे भरून ठेवेल आणि परत जाईल. थोडं वाढू दे. कायमची यावी असं काहीतरी होऊ दे. अडाणी माणूस नव्हे, दोन विषयांत पदवी घेतलेला सरकारी नोकर असा विचार करत होता. हे मी कोणाला बोललो नाही. स्वतःशीही पुन्हा बोललो नाही. फक्त मंचुरियनची प्लेट हाफची फुल झाली.

मधल्या काळात पायांना मुंग्या यायला लागल्या होत्या. मी म्हटलं, खुर्चीत बसून बसून होतं. एकदा बाजारातून चाललो होतो आणि मागून कोणीतरी ओरडलं, साहेब, चप्पल. पाहतो तर उजवी चप्पल वीस पावलं मागे पडलेली आणि मी एका पायानं अनवाणी चाललेलो. आजूबाजूचे हसले, मीही हसलो. साहेब विचारात होते, असं एकानं म्हटलं, ते मला पटलं.

गेल्या हंगामात मळणी झाल्यावर भावाचा आसगावहून फोन आला. आंगणात धान पसरलं होतं, आभाळ भरून येत होतं आणि मजूर दुसरीकडे गेले होते. रविवार होता, मी गेलो. गेल्या गेल्या भावाच्या बायकोनं पान वाढलं. वाफेचा नवा भात, वांग्याची भाजी. मी हात आडवा केला आणि बोललो, मला चालत नाही. तिनं भाकरी थापून दिली आणि म्हणाली, भाऊजी, तुमचं मोठं कठीण व्रत आहे. मी भाकरीचा तुकडा मोडला. सकाळी बसस्टॉपवर खाल्लेल्या पोह्यांचा ढेकर मात्र तेवढ्यात आला.

धान वाळत घातलं की त्यात पाय फिरवावा लागतो. अनवाणी पायांनी, पाऊल न उचलता, घासत सरळ चालायचं. मागे नांगराच्या तासासारखी ओळ पडते आणि खालचा दाणा वर येतो. हे काम आईनं आम्हा दोघा भावांना शिकवलं. ती सांगायची, हाताला विचारू नका, पायाला विचारा. ओला दाणा तळव्याला गार आणि मऊ लागतो. वाळला की टोचायला लागतो. चांगला टोचला की पोत्यात भरायचा. मी दहावीत असताना नुसत्या पायानं सांगायचो, अजून एक ऊन पाहिजे, आणि गावातले म्हातारेसुद्धा ऐकायचे. मला पुढे आयुष्यात दुसरं काहीच त्या तोडीचं आलं नाही.

मी चपला काढल्या आणि एका कडेनं पाय फिरवायला लागलो. चार-पाच ओळी झाल्या. भाऊ दुसऱ्या कडेनं येत होता. त्यानं विचारलं, काय म्हणते धान? मी थांबून पायाला विचारलं. काहीच टोचत नव्हतं. मी म्हणालो, ओलं आहे अजून, दोन ऊन लागतील.

भावाला नवल वाटलं. त्यानं वाकून एक दाणा उचलला, दातांत धरला. कट्ट आवाज झाला. माझ्या हातावर त्यानं दुसरा दाणा ठेवला. मीही चावला. कट्ट. धान खडखडीत वाळलेलं होतं. मी पुन्हा पाय फिरवून पाहिला, जोर देऊन. गादीवर उभा असल्यासारखं वाटलं.

भाऊ माझ्याकडे पाहत नव्हता. तो माझ्या मागे पाहत होता. पिवळ्याधमक धानात मी पाडलेल्या शेवटच्या दोन ओळी लाल झाल्या होत्या. त्यानं मला खांद्याला धरून ओट्यावर बसवलं आणि पाय उलटा केला. तळव्यात पत्र्याचा एक तुकडा रुतलेला होता, करंगळीच्या नखाएवढा, वर येणाऱ्या रक्तात माखलेला.

"दादा," तो म्हणाला, "तुले समजलं नाही?"

मला समजलं नव्हतं. मी तसं सांगितलं. तो माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे, लहानपणी माझ्या पाठीवर बसून तलावावर यायचा. त्याचे डोळे भरून आले आणि मी दुसरीकडे पाहिलं. त्याची बायको सूप घेऊन आली आणि तिनं त्या दोन ओळींतलं धान भरून बाजूला नेलं. आईनं शिकवलेलं आंगण मी असं करून ठेवलं.

भावानं मोटरसायकलवर बसवून आरोग्य केंद्रात नेलं. तिथल्या सिस्टरनं तुकडा काढला, धुतलं, इंजेक्शन दिलं. मला त्यातलंही फारसं काही जाणवलं नाही. ती थांबली, पेनाचं टोक माझ्या बोटांना, टाचेला लावून पाहिलं आणि दर वेळी विचारलं, लागते का? मग कागद पुढे ओढून तिनं शुगरचं विचारलं. मी सवयीनं सांगायला लागलो, जेवण तर माझं अगदी…

"काका, जेवण राहू द्या," ती म्हणाली. "काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते सांगा."

असं मला कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगायला लागलो. चहा, चार बिस्किटं. पोहे, तर्री टाकून. मग वरून थोडी तर्री. समोसे दोन. चहा. आलुबोंडा. चहा. भाऊ दाराशी उभा राहून ऐकत होता. नूडल्स, फुल प्लेट. मंचुरियन. कोणाच्या तरी वाढदिवसाचा केकचा तुकडा. बोलता बोलता माझा आवाज बारीक होत गेला. सिस्टरनं अर्ध्यातच लिहिणं थांबवलं होतं.

"म्हणजे भात सोडून बाकी सगळं खाल्लं तुमी," ती म्हणाली. हसली नाही. तीही आमच्याच भागातली, तिला माझी चूक ताबडतोब कळली असणार. तिनं सांगितलं की पायाची ही जाणीव गेली ती परत येईलच असं नाही, पण पाय राखता येतो. ते मात्र तुमच्याच हातात आहे.

घरी येताना मी मोटरसायकलवर मागे बसून दोष वाटत होतो. डॉक्टरांनी नीट विचारलं नाही. ठेलेवाल्यानं माझं कौतुक केलं. बायकोनं तांदूळ पाठवून दिला आणि मला सोडून गेली. गावचा तलाव येईपर्यंत एवढ्यांची नावं संपली. यांच्यातल्या एकानंही माझा हात धरून माझ्या तोंडात काही कोंबलं नव्हतं.

भावाला तेव्हाच पुण्याला फोन लावायचा होता. मी नाही म्हटलं. मी सांगेन.

त्याच्याच ओट्यावर, पाय लाकडी पाटावर ठेवून, मी आठ वाजायची वाट पाहिली. वर्षभर ज्या कारणाची वाट पाहिली ते आता पट्टी बांधून समोर होतं. मी मनात ही वेळ कितीदा रंगवली होती. ती रडेल, उद्याच निघते म्हणेल. फोन आला. भात नाही ना खाल्ला? मी म्हणालो, नाही, पण ऐक. आणि सिस्टरला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं, बिस्किटांपासून. पाय सांगितला. धान सांगितलं. मग थांबायला हवं होतं, पण थांबता आलं नाही, आणि शुगर चढल्यावर मला बसमध्ये काय वाटलं होतं तेही सांगितलं. तू यावीस म्हणून मी हे होऊ दिलं, असं स्पष्ट शब्दांत.

 पलीकडे नातवाचं खेळणं वाजत होतं.

"मी आली असती ना," ती शेवटी म्हणाली. "या दोन वर्षांत एकदा तरी 'ये' म्हटलं का तुमी? रोज इचारलं मी, कसं आहे. रोज तुमी सांगितलं, मजेत आहे. मले वाटलं, याले माही गरज नाही राहिली."

ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस मी जन्मभर पाहिला आणि त्याला नावं ठेवली. मी तर पायात पत्रा रुतेपर्यंत भांडं लपवलं. मी म्हणालो, ये. तो शब्द इतका लहान होता की मला वाटलं तिला ऐकू गेला नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. ती रडली. हो म्हणाली. मग म्हणाली, पण बाळाची काही सोय लागू द्या. तेही खरंच होतं.

जखम भरायला दीड महिना लागला. ठेल्यावर मी मध्यंतरी एकदा गेलो आणि सांगितलं की आता काही खाणार नाही. ठेलेवाली म्हणाली, नका खाऊ, पण बसत जा. तिनं स्टुलाखाली खडा सरकवला. तीन-चार दिवस मी बसलो. शनिवारी गर्दी होती, लोक हातात प्लेटा घेऊन उभे होते आणि माझ्या स्टुलाकडे पाहत होते. मी उठलो आणि त्यानंतर गेलो नाही. आता पोळी लाटतो, डाळ शिजवतो. पोळी अजून गोल होत नाही. डॉक्टरांना या वेळी नीट सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, वाटीभर भात खाल्ला असता तर एवढं बिघडलं नसतं. भावाकडून दोन पायल्या तांदूळ आणला आहे. आठवड्यातून दोनदा मोजून एक वाटी.

संध्याकाळी पाय धुतो, पुसतो आणि तळवा पाहतो. पायाला काही कळत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहावं लागतं. माझं पोट आड येतं, तळवा सरळ दिसत नाही. त्यासाठी आरसा लागतो. घरात हातात धरायचा एकच आरसा आहे, तिचा. दोन वर्षांपूर्वी जाताना ती तो विसरून गेली होती. त्याच्या कोपऱ्यात तिनं काढून चिकटवलेली एक टिकली तशीच आहे. मी आरसा जमिनीवर ठेवतो आणि त्यावर पाय धरतो. एका बाजूला माझी टाच दिसते, दुसऱ्या बाजूला टिकली.

आठ वाजता फोन येतो. ती विचारते, तोंडात काय काय गेलं. मी सांगतो. पाय पाहिला का? पाहिला, काही लागलेलं नाही. नीट पाहिलं? नीट पाहिलं. मग ठेवण्याआधी मी म्हणतो, ये. ती म्हणते, हो. बाळासाठी एक बाई पाहिली होती, ती टिकली नाही. आता त्याला शाळेत घातल्यावर पाहू, असं मुलगी-जावई म्हणतात. मी तरी रोज म्हणतो.